भरलेली बाटली, कोरडे इंजिन

व्यापारी घरात गाडी ही चैनीची वस्तू क्वचितच असते. सकाळी ती दुकानावर जाते, दुपारी वसुलीला, संध्याकाळी एखाद्या लग्नकार्याला, आणि सुटीत साऱ्या कुटुंबाला घेऊन यात्रेला. तिच्या देखभालीचा विचार मात्र बहुधा इंधन, टायर आणि ऑइल एवढ्यावरच येऊन थांबतो. इंजिन थंड राखणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे कूलंटच्या, वाट्याला बॉनेट उघडल्यावरची एक ओझरती नजर येते. अर्धपारदर्शक बाटलीवरील दोन रेषांच्या मध्ये पातळी दिसली की समाधान होते.

बहुतेक दिवशी हे समाधान योग्यच असते. परंतु कूलंट बदलल्यानंतरचे, फुटलेला होज पाइप किंवा गळका वॉटर पंप बदलल्यानंतरचे पहिले काही दिवस याला अपवाद आहेत. त्या दिवसांत बाटली भरलेली दिसते, आणि त्याच वेळी इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागाशी द्रव पोहोचलेलाच नसतो. तेथे असते ती अडकलेली हवा. गॅरेजच्या भाषेत याला 'एअर धरली' असे म्हणतात, आणि ती बाहेर घालविण्याच्या कामाला 'एअर काढणे'. काम लहान दिसते, बिलात त्याची वेगळी ओळही बहुधा नसते. पण ते नीट झाले की नाही, यावर कधी कधी साऱ्या इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते.

हवेसारख्या निरुपद्रवी वस्तूने एवढे नुकसान का करावे, हे समजून घेण्यासारखे आहे. सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा तेथील वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. या उष्णतेचा मोठा भाग सिलिंडरच्या आणि त्यावरील हेडच्या धातूत उतरतो. तो तेथून उचलून रेडिएटरपर्यंत नेणे हे कूलंटचे काम. पाणी उष्णता वाहून नेते तशी हवा नेत नाही. हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. त्यामुळे हेडमध्ये जेथे हवेचा फुगा बसतो, तेथील धातू एकटाच तापत राहतो. त्याच्या कडेचा द्रव उकळतो, वाफ होते, आणि फुगा आणखी मोठा होतो. आजच्या बहुतेक गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे असते. ते असे एका बाजूने तापले की वाकते, हेड गॅस्केट उडते, आणि काही हजारांत आटोपणारे काम लाखाच्या घरात जाते.

दुसरा घोटाळा पंपाचा. इंजिनावरील वॉटर पंप हा शेतातील विहिरीवरच्या पंपाचाच धाकटा भाऊ. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटार जोरात फिरते, आवाजही करते, परंतु पाणी चढत नाही. शेतकरी मग पाणी ओतून प्रायमिंग करतो. गाडीतही नेमके तेच होते. पंपाच्या पात्यांत हवा आली की तो फिरतो, पण द्रव पुढे ढकलत नाही. फरक इतकाच की, विहिरीवर पाणी आले नाही हे डोळ्यांना दिसते आणि गाडीत ते दिसत नाही.

तिसरा घोटाळा सर्वांत फसवा आहे. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच तो खरे सांगतो. तो हवेच्या पोकळीत आला तर कधी कमी दाखवितो, कधी वाफ लागून एकाएकी वर उडी मारतो. थर्मोस्टॅटचेही असेच. त्यातील मेणाची गोळी सुमारे ८२ ते ९० अंशांना वितळून फुगते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. गोळीभोवती द्रवाऐवजी हवा असली, तर आत इंजिन तापूनही ती वाट उघडायला उशीर होतो. म्हणजे ज्या दोघांच्या भरवशावर चालक निर्धास्त असतो, त्या दोघांनाही हवा आंधळे करते.

पूर्वीच्या गाड्यांना ही व्याधी फारशी ठाऊक नव्हती. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने मोकळ्या आकाशात निघून जाई आणि त्याबरोबर उष्णताही जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून गेल्या, तेव्हा वाटेत पुनःपुन्हा पाणी भरणे हा त्या प्रवासाचा भागच होता. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या बहुतेक आवृत्त्यांत पंपही नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर जाई आणि थंड पाणी खाली येई, एवढ्यावर सारे चाले. आपल्याकडील ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत रेडिएटर उंच उभा असे आणि त्याचे झाकण माथ्यावर. हवेचा स्वभाव वर जाण्याचा. वर गेले की झाकण, आणि झाकण उघडले की हवा बाहेर. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पाण्याचा डबा हातात घेऊन उभे असलेले चालक आजच्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहेत. त्या गाड्या वारंवार तापत, पण त्यांचे दुखणे उघड्यावर असे.

नव्या गाडीचे तसे नाही. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून बॉनेट उतरते झाले, त्याबरोबर रेडिएटरही खाली गेला. अनेक गाड्यांत आता इंजिनाचे हेड आणि डॅशबोर्डमागील हीटरची जाळी ही रेडिएटरच्या माथ्यापेक्षाही उंच असतात. शिवाय टर्बोला थंड करणारी नळी वेगळी, धुराचा काही भाग गार करून इंजिनात परत पाठविणाऱ्या कूलरची वेगळी, स्वयंचलित गिअरबॉक्सची वेगळी. या नळ्या अरुंद जागेतून वर-खाली वळत जातात. प्रत्येक उंच वळण म्हणजे हवेला दडून बसण्याची जागा. बाटलीत वरून कितीही कूलंट ओतले तरी तो या वळणांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. समोर हवा अडून बसलेली असते आणि तिला जायला वाट नसते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद-व्यापारी कुटुंबात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. घरची डिझेल गाडी बाहेरगावी असताना तिचा वॉटर पंप गळू लागला. रस्त्यावरच्या एका गॅरेजात तो बदलला गेला, बाटली रेषेपर्यंत भरली गेली आणि तासाभरात गाडी मार्गाला लागली. दोनच दिवसांनी थोरल्या मुलाच्या लक्षात आले की, गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. चढावर काटा वर जाई आणि उतारावर पुन्हा जागेवर येई. बॉनेट उघडून पाहावे तर बाटली भरलेली. सेन्सर खराब झाला असावा असा त्याने निष्कर्ष काढला आणि नवा सेन्सर टाकण्यासाठी गाडी घरच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आजीला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला न्यायचे होते. सोबत सून आणि दोन लहान मुले असणार होती, आणि वाटेत खंबाटकीचा घाट.

मिस्त्रींनी सेन्सरला हातही लावला नाही. वैशाखाच्या त्या दुपारी त्यांनी इंजिन सुरू करून हीटर पूर्ण गरमवर लावला आणि जाळीसमोर हात धरला. काटा मध्याच्या वर होता, आणि हीटरमधून येणारा वारा मात्र थंड होता. मग बॉनेटखाली हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या त्यांनी जपून चाचपल्या. एक चटका देणारी, दुसरी कोमट. गरम कूलंट हीटरमधून फिरतच नव्हता. आपल्या हवामानात हीटर वर्षानुवर्षे कोणी लावत नाही, म्हणून हे लक्षण चालकाच्या ध्यानात येत नाही. पण एअर धरल्याची याहून स्वस्त आणि सोपी खूण दुसरी नाही.

"एअर आहे," मिस्त्री म्हणाले. "काढून देतो. पण गाडी आज देत नाही."

मुलाने विनवून पाहिले. "मिस्त्री, संध्याकाळपर्यंत करून द्या की. आम्हाला पहाटे निघायचं आहे."

"संध्याकाळपर्यंत एअर निघेल, दादा. पण निघाली का नाही, ते गाडी पुरती थंड झाल्याशिवाय मला कळायचं नाही. म्हातारं माणूस अन् पोरं घेऊन घाट चढणार तुम्ही."

मुलाने वडिलांना फोन लावला. अण्णांना इंजिनातले फारसे कळत नव्हते, परंतु मिस्त्रींचे म्हणणे त्यांना एका वाक्यात उमगले. ते मुलाला म्हणाले, "पोतं भरलं की तू लगेच शिवतोस का? आधी आपटून बसवतोस, मग वर आणखी माल मावतो. त्यांना बसवू दे." आणि त्यांनी रुग्णालयात फोन करून दुपारनंतरची वेळ मागून घेतली.

मिस्त्रींनी त्या दिवशी जे केले, तीच या कामाची रीत आहे. प्रथम इंजिन पूर्ण निवू दिले. गाडीचा पुढचा भाग थोडा उंच केला, म्हणजे भरण्याचे तोंड सर्वांत वर आले आणि हवेची चढण त्या दिशेला झाली. थर्मोस्टॅटजवळच्या आणि हीटरच्या नळीवरच्या ब्लीड स्क्रूंचे आटे थोडे सैल केले. मग बाटलीत कूलंट हळूहळू ओतला. धार जोराची असेल तर ती स्वतःच आणखी हवा सोबत नेते. सैल स्क्रूमधून आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे मिसळलेली धार, आणि अखेर एकसंध धार आली तेव्हा स्क्रू बंद केले. हे स्क्रू पुष्कळदा प्लॅस्टिकचे असतात. जोर लावला की मोडतात, म्हणून ते हलक्या हाताने कसावे लागतात. नंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू केले. थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरची खालची नळी गरम होईपर्यंत ते चालू ठेवले, अधूनमधून फेरे दोन-अडीच हजारांपर्यंत नेले, पातळी उतरेल तशी भर घातली. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला, हीटरमधून सलग गरम वारा येऊ लागला. तेव्हा झाकण लावून त्यांनी इंजिन बंद केले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी बाटलीतील पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली होती. वरच्या रेषेपर्यंत आणण्यासाठी जवळजवळ पाऊण लिटर कूलंट लागला. आदल्या संध्याकाळी सारे काही ठीक दिसत असताना एवढी जागा अजून हवेने अडविलेली होती. इंजिन थंड होताना द्रव आकसला, हवा बाटलीकडे सरकली आणि तिची जागा कूलंटने घेतली. मिस्त्रींनी मिरजेपर्यंत एक फेरी मारली, गाडी पुन्हा निवू दिली, पातळी पुन्हा पाहिली. ती हलली नव्हती. पहाटेऐवजी सकाळ टळल्यावर कुटुंब पुण्याला निघाले आणि घाट चढताना काटा मध्यावरच राहिला. मुलाच्या मनातील नव्या सेन्सरचा खर्चही वाचला.

या गोष्टीत लक्षात घेण्याजोगे हे की, मिस्त्रींनी मागितलेला वेळ कामाचा नव्हता, वाट पाहण्याचा होता. हातांचे काम तासाभराचे. उरलेले काम इंजिनाने स्वतः तापून आणि स्वतः निवून करायचे असते, आणि त्याला घाई करता येत नाही.

हाच वेळ वाचावा म्हणून आता मोठ्या गॅरेजांत निराळी पद्धत आली आहे. कॉम्प्रेसरच्या वाऱ्यावर चालणाऱ्या एका उपकरणाने आधी यंत्रणेतील हवाच खेचून घेतात. होज पाइप चपटे होतात, मापकाचा काटा निर्वात दाखवितो. काही मिनिटे तो काटा स्थिर राहिला तर गळती नाही हेही त्याच वेळी कळते. मग झडप उघडली की डब्यातील कूलंट स्वतःच खेचला जाऊन प्रत्येक वळणापर्यंत पोहोचतो. काही गाड्यांत पंप इंजिनाच्या पट्ट्यावर नसून विजेवर चालतो. बीएमडब्ल्यूच्या अशा काही इंजिनांत, इंजिन सुरू न करता, हीटर पूर्ण गरम आणि पंखा मंद ठेवून ॲक्सिलरेटर सुमारे दहा सेकंद दाबून धरला की पंप स्वतःच बारा-एक मिनिटे फिरून हवा हाकलतो. बॅटरी द्रवाने थंड ठेवणाऱ्या विद्युत गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत; तेथेही नळ्या आहेत, वळणे आहेत, आणि अनेकदा स्कॅनर जोडून पंपाला तसा हुकूम द्यावा लागतो. प्रत्येक गाडीची रीत वेगळी असल्याने कंपनीची सेवापुस्तिका पाहणे, हेच शहाणपणाचे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हवा कधी बाहेरून शिरलेली असते, कधी आतून तयार होत असते. एकदा नीट काढूनही बुडबुडे पुनःपुन्हा येत असतील, थंड इंजिन सुरू करताच होज पाइप टणक होत असतील, कूलंट कुठे गळताना न दिसता कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून जळलेला वायू कूलंटमध्ये येत असण्याची शक्यता असते. यासाठी एक सोपी चाचणी आहे: बाटलीतील वायू एका निळ्या द्रावणातून नेला आणि त्याचा रंग पिवळसर झाला, तर तो जळलेला वायू समजावा. अशा वेळी दर आठवड्याला एअर काढत राहणे म्हणजे फुटक्या पिंपात पाणी भरणे. मूळ दुरुस्तीच करावी लागते, आणि ती जितकी लवकर होईल तितकी स्वस्त पडते.

तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पाणी आणि ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. बंद झाकणाखालच्या दाबामुळे तो बिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. म्हणजे आत द्रव शांत दिसतो, पण झाकण फिरविताच दाब जातो आणि तोच द्रव एका क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर आणि हातावर येतो. एअर काढायची असो वा पातळी पाहायची असो, हे काम थंड इंजिनाचेच. घाटात गाडी तापली तर ती बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे, आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये.

आणखी एक गोष्ट अहिंसेचा संस्कार असलेल्या घरांनी तरी विसरू नये. एअर काढताना थोडा कूलंट सांडतोच. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. डबक्यातून ते चाटणारे कुत्रे किंवा मांजर मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. म्हणून खाली पसरट भांडे ठेवावे, सांडलेले ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे, जुना कूलंट गटारात किंवा झाडाच्या मुळाशी न ओतता गॅरेजकडेच सोपवावा, आणि उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

गाडी गॅरेजातून घेताना मालकाने फार तांत्रिक व्हावे असे नाही. काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. एअर कोणत्या रीतीने काढली? हीटरमधून गरम वारा आला का? फॅन लागून बंद झाला का? थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ते काम घरी येऊन स्वतः करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, बॉनेट उघडून बाटली पाहावी. पातळी उतरली असेल तर त्याच प्रतीचा कूलंट रेषेपर्यंत घालावा. केवळ रंग सारखा आहे म्हणून दुसराच मिसळू नये, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी तर मुळीच घालू नये. दोन-तीन सकाळी पातळी स्थिर राहिली, म्हणजे काम पुरे झाले. तोपर्यंत लांबचा प्रवास आणि घाट थोडा पुढे ढकलावा. घरातील वडीलधारी आणि मुले त्याच गाडीने जाणार असतात; त्यांच्यासाठी एक रात्र थांबणे जड नाही.